अकलूज ते लंडन : अंतर एक, वेळा अनेक

नीरेच्या काठावरचे अकलूज पृथ्वीच्या गोलावर साधारण १७.९ अंश उत्तर अक्षांश आणि ७५ अंश पूर्व रेखांश या जागी येते. यातला दुसरा आकडा मोठा सोयीचा आहे. पृथ्वी स्वतःभोवती २४ तासांत ३६० अंश फिरते, म्हणजे तासाला १५ अंश. ७५ अंशांचे झाले बरोबर पाच तास. शून्य रेखांश लंडनच्या ग्रीनिच वेधशाळेतून जातो. तेव्हा अकलूजच्या किल्ल्यावर ऐन माध्यान्ह झाली की पाच तासांनी ग्रीनिचला माध्यान्ह होते. सूर्य हे अंतर रोज न चुकता पाच तासांत कापतो.

आपले घड्याळ मात्र पाच तास दाखवत नाही. भारतीय प्रमाणवेळ १ जानेवारी १९०६ पासून लागू झाली. ती उत्तर प्रदेशात मिर्झापूरजवळून जाणाऱ्या ८२.५ अंश रेखांशावर बेतलेली आहे. त्यामुळे अकलूजचा सूर्य घड्याळाच्या अर्धा तास मागे चालतो. अंगणात काठी रोवून सावली पाहिलीत तर ती बारा वाजता सर्वांत आखूड नसते, साडेबाराच्या आसपास असते. ऋतुमानाप्रमाणे यात पंधराएक मिनिटांचा फरक पडतो, म्हणून ‘आसपास’. मुंबईने तर १९५५ पर्यंत स्वतःची वेगळी वेळ सांभाळली होती, प्रमाणवेळेपेक्षा ३९ मिनिटे मागे. घड्याळाप्रमाणे लंडन आपल्या साडेपाच तास मागे असते आणि उन्हाळ्यात तिकडे काटे तासभर पुढे सरकवले की साडेचार तास.

घरातले पोरगे शिकायला लंडनला निघाले की आजी दोन प्रश्न विचारते. ‘किती लांब आहे रे ते?’ आणि ‘पोचायला किती वेळ लागतो?’ ऐकायला दोन्ही प्रश्न एकच वाटतात. पण पहिल्याचे उत्तर भूमितीचे आहे. ते एकदा काढले की कायमचे मिळते. दुसऱ्याचे उत्तर वारा देतो, सरकारे देतात आणि रस्ता देतो, आणि ते दर महिन्याला बदलू शकते. या प्रकरणात ही दोन्ही उत्तरे शोधायची आहेत.

आधी लांबी. शाळेतला साधा पृथ्वीगोल घ्या, एक फुटाच्या आसपास, म्हणजे ३० सेंटिमीटर व्यासाचा. त्याचा घेर ९४ सेंटिमीटर भरतो. खऱ्या पृथ्वीचा घेर ४०,००० किलोमीटर आहे, आणि हा आकडा इतका गोल का, याला कारण आहे. फ्रेंच राज्यक्रांतीच्या काळात मीटर ठरवला तेव्हा उत्तर ध्रुवापासून विषुववृत्तापर्यंतच्या अंतराचा एक कोटीवा भाग म्हणजे एक मीटर, अशीच व्याख्या केली होती. ध्रुवापासून विषुववृत्तापर्यंत १०,००० किलोमीटर, त्याच्या चौपट पूर्ण घेर. त्या घेराला ३६० ने भागले की एका अंशाला १११ किलोमीटर मिळतात. हा १११ चा आकडा लक्षात ठेवावा, अंतराचे पुष्कळ हिशेब त्यावर तोंडी होतात.

आता आपल्या गोलावर एक सेंटिमीटर म्हणजे सुमारे ४२५ किलोमीटर. एक दोरा घ्या, त्याचे एक टोक अकलूजच्या जागी आणि दुसरे लंडनवर धरा आणि दोरा ताणा. ताणलेला दोरा गोलावर सर्वांत जवळची वाट आपोआप शोधतो. ही वाट नेहमी अशा वर्तुळाचा तुकडा असते, जे पृथ्वीला बरोबर अर्ध्यात कापते. भूगोलात त्याला बृहद्‌वृत्त म्हणतात. दोरा मोजला तर साडेसतरा सेंटिमीटर भरेल. गणिताने काढले तरी तेच येते. दोन्ही गावांचे अक्षांश-रेखांश सूत्रात घातले की पृथ्वीच्या केंद्राशी त्यांच्यामध्ये ६६.९ अंशांचा कोन मिळतो, आणि ६६.९ गुणिले १११.२ म्हणजे सुमारे ७,४४० किलोमीटर. अकलूज ते लंडन हवाई अंतर हे एवढे. मुंबई विमानतळापासून लंडनच्या हिथ्रोपर्यंत मोजले तर ७,२०० च्या थोडे वर.

त्याच गोलावर अकलूज ते मुंबई विमानतळ मोजून पाहा. जेमतेम सहा मिलिमीटर. सरळ रेषेत २६५ किलोमीटरही नाहीत. हे सहा मिलिमीटर लक्षात ठेवा, शेवटी त्यांचा हिशेब करायचा आहे.

भिंतीवरच्या सपाट नकाशावर हाच प्रयोग केला तर नकाशा फसवतो. गोल पृथ्वी सपाट कागदावर पसरताना कुठे तरी ताण द्यावाच लागतो. जहाजांसाठी १५६९ मध्ये मर्केटरने जो नकाशा काढला त्यात हा ताण ध्रुवांकडे वाढत जातो. अशा नकाशावर मुंबई ते लंडन पट्टीने सरळ रेषा मारली आणि त्या रेषेवरून विमान नेले तर सुमारे ७,४०० किलोमीटर उडावे लागेल, म्हणजे दोनशे किलोमीटर जास्त. लंडनच्या बाबतीत हा फरक सोसण्याजोगा आहे. पण मुंबई ते सॅन फ्रान्सिस्को पाहा. सपाट नकाशावरची सरळ रेषा १६,००० किलोमीटरच्या पुढे जाते आणि गोलावर ताणलेला दोरा सांगतो फक्त साडेतेरा हजार. हा दोरा पॅसिफिक महासागराकडे वळतच नाही. तो मुंबईहून जवळजवळ सरळ उत्तरेला निघतो, सैबेरिया ओलांडतो, ७६ अंश अक्षांशाच्याही वर आर्क्टिक महासागरात शिरतो आणि अलास्का-कॅनडाच्या बाजूने कॅलिफोर्नियात उतरतो. कॅलिफोर्नियात नातवंडे असलेल्या आजी-आजोबांना विमानातल्या पडद्यावर बर्फच बर्फ दिसतो आणि आपण रस्ता चुकलो की काय अशी शंका येते. जानेवारी २०२१ मध्ये एअर इंडियाच्या कॅप्टन झोया अग्रवाल आणि त्यांच्या सहकारी महिला वैमानिकांनी सॅन फ्रान्सिस्कोहून बंगळूरला येताना विमान उत्तर ध्रुवावरून आणले, ते या भूमितीच्याच बळावर.

लांबीचा प्रश्न इथे संपला. आता वेळ.

पहिला अंदाज सोपा आहे. मोठे प्रवासी विमान उंचीवर गेले की ताशी ९०० किलोमीटरच्या आसपास चालते. ७,२०० भागिले ९०० म्हणजे आठ तास. चढायला आणि उतरायला वेग कमी असतो, त्याचा अर्धा तास. शिवाय तिकिटावर जी वेळ छापतात ती हवेतली नसते. विमान फाटकावरून हलल्यापासून दुसऱ्या फाटकावर थांबेपर्यंतची सगळी वेळ त्यात धरतात, त्याला या धंद्यात ब्लॉक टाइम म्हणतात. धावपट्टीसाठी रांगेत उभे राहणे, उतरण्याआधी हिथ्रोच्या आकाशात घिरट्या घालणे, सगळे त्यात आले. हे धरून नऊ तास व्हावेत. प्रत्यक्षात मुंबईहून लंडनला जाताना साडेनऊ-दहा तास लागतात आणि येताना साडेआठ-नऊ. वाट तीच, विमान तेच, तरी तासाभराचा फरक का?

यावर पुष्कळ जण सांगतात की पृथ्वी पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते म्हणून. मुले तर पुढचा प्रश्न विचारतात आणि तो विचारायलाच हवा : मग विमानाने वर जाऊन नुसते थांबावे, खालून लंडन आपोआप येईल की! अकलूजच्या अक्षांशावर जमीन ताशी सुमारे १,५९० किलोमीटर वेगाने पूर्वेकडे धावते आहे, कोणत्याही प्रवासी विमानापेक्षा जोरात. पण जमिनीबरोबर तिच्यावरची हवाही तशीच धावते आहे, आणि जमिनीवर उभे असलेले विमानही. ते उडते तेव्हा तो वेग अंगात घेऊनच उडते. हवा जमिनीच्या मागे राहिली असती तर अकलूजमध्ये चोवीस तास ताशी १,५९० किलोमीटरचे वादळ सुटले असते आणि उसाचे एक पान शेतात उरले नसते. तेव्हा पृथ्वीच्या फिरण्याचा विमानाला थेट फायदाही नाही आणि तोटाही नाही.

फरक पडतो तो वाऱ्याचा. दहा-बारा किलोमीटर उंचीवर, आपल्या उत्तरेकडच्या अक्षांशांवर, पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारे वाऱ्याचे अरुंद आणि अतिशय जोरकस पट्टे असतात. त्यांना जेट प्रवाह म्हणतात. हिवाळ्यात त्यांचा वेग ताशी दोनशे किलोमीटरच्या पुढेही सहज जातो. १९२० च्या दशकात वासाबुरो ओइशी या जपानी हवामानतज्ज्ञाने फुगे सोडून हे वारे मोजले होते. आपले काम जगाने वाचावे म्हणून त्याने ते एस्पेरांतो भाषेत छापले आणि नेमके त्यामुळेच ते फारसे कोणी वाचले नाही. दुसऱ्या महायुद्धात उंच उडणारी बॉम्बफेकी विमाने जपानवर पोचून जागच्या जागी रेंगाळू लागली, तेव्हा या वाऱ्यांची खरी ओळख पटली.

विमान हवेत पोहत असते, वाहत्या पाण्यातल्या होडीसारखे. समजा हवेच्या तुलनेत त्याचा वेग ९०० आणि समोरून वारा १०० चा. जमिनीवरून मोजला तर वेग ८०० भरतो आणि ७,२०० किलोमीटरला नऊ तास लागतात. परतताना तोच वारा पाठीशी, वेग १,०००, वेळ सात तास बारा मिनिटे. दोन्ही मिळून सोळा तास बारा मिनिटे. वारा नसता तर जाऊन-येऊन सोळाच तास लागले असते. म्हणजे जाताना गेलेले सगळे येताना परत मिळत नाही, कारण उलट्या वाऱ्यात विमान जास्त वेळ अडकून राहते आणि सुलट्या वाऱ्याचा लाभ थोडा वेळच घेते. वारा जितका जोराचा तितका हा तोटा मोठा. फेब्रुवारी २०२० मध्ये अटलांटिकवर वादळी जेट प्रवाह होता, तेव्हा ब्रिटिश एअरवेजचे एक विमान न्यूयॉर्कहून लंडनला चार तास छप्पन्न मिनिटांत पोचले. त्या रात्री उलट्या दिशेने निघालेल्यांचे काय झाले असेल, याचा हिशेब वाचकाला आता करता येईल.

अकलूजच्या डोक्यावरचा वारा मात्र वेगळाच आहे, आणि तो दिसतो आषाढात. तुकोबांची पालखी सराटीला नीरास्नान करून अकलूजमध्ये येते, माने विद्यालयाच्या मैदानावर गोल रिंगण होते. त्या दिवसांत जमिनीलगत वारा पश्चिमेकडून येत असतो, पावसाचे ढग घेऊन. पण त्याच वेळी त्याच मैदानाच्या वर चौदा-पंधरा किलोमीटरवर वारा नेमका उलट, पूर्वेकडून पश्चिमेकडे, सोसाट्याने वाहत असतो. हा उष्णकटिबंधीय पूर्वी जेट प्रवाह. भारतीय हवामानशास्त्रज्ञ पी. कोटेश्वरम यांनी १९५८ मध्ये त्याचा उलगडा केला. आपल्या मान्सूनच्या यंत्रणेचा तो एक मोठा भाग आहे. प्रवासी विमाने सहसा त्याच्या खालूनच जातात, म्हणून लंडनच्या प्रवासात त्याचा फारसा हातभार लागत नाही. पण रिंगणात अश्व धावत असताना आभाळात एकावर एक दोन उलट्या दिशांचे वारे वाहत आहेत, ही गोष्ट अकलूजच्या प्रत्येक शाळकरी मुलाला ठाऊक असावी असे मला मनापासून वाटते.

वाऱ्यामुळे लांबची वाट जवळची कशी होते याचे फार चांगले उदाहरण ऑक्टोबर २०१६ चे आहे. तोवर एअर इंडियाचे दिल्ली-सॅन फ्रान्सिस्को विमान पश्चिमेकडून, अटलांटिकवरून जात असे. ते अंतर सुमारे १३,९०० किलोमीटर. मग त्यांनी ते पूर्वेकडून, पॅसिफिकवरून नेले. अंतर झाले १५,३०० किलोमीटर, चौदाशे किलोमीटर जास्त. आणि विमान जवळजवळ दोन तास आधी पोचले, कारण वारा पाठीशी होता. अंतर आणि वेळ या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, हे सांगायला याहून चांगला पुरावा नको.

वाऱ्यापेक्षाही अवघड अडथळा माणसांनी उभा केला आहे. मुंबई ते लंडनचा तो ताणलेला दोरा कोणत्या देशांवरून जातो, ते क्रमाने पाहा. अरबी समुद्राचा कोपरा, पाकिस्तान, इराण, कॉकेशस, काळा समुद्र, क्रिमिया, युक्रेन, पोलंड, जर्मनी. ही यादी वाचताना वर्तमानपत्राचे परराष्ट्र पान वाचत आहोत असे वाटते. १९४४ च्या शिकागो करारानुसार प्रत्येक देशाचा आपल्या आकाशावर पूर्ण हक्क असतो. कोणाला वरून जाऊ द्यायचे, किती शुल्क घ्यायचे आणि केव्हा बंद करायचे, हे तो देश ठरवतो. वैमानिकांना याची सूचना ‘नोटम’ नावाच्या छोट्या संदेशातून मिळते. त्या एका ओळीने हजारो प्रवाशांचे तास बदलतात.

बालाकोटच्या हवाई हल्ल्यानंतर २७ फेब्रुवारी २०१९ पासून जुलैच्या मध्यापर्यंत पाकिस्तानने आपले आकाश मिटले. पहलगामच्या हल्ल्यानंतर २४ एप्रिल २०२५ ला भारतीय विमानांसाठी ते पुन्हा बंद झाले, आणि दिल्लीहून अमेरिकेला निघालेल्या काही विमानांना इंधनासाठी व्हिएन्नाला उतरावे लागले. युक्रेनचे आकाश २४ फेब्रुवारी २०२२ पासून नागरी विमानांना बंद आहे. जून २०२५ मध्ये इस्रायल-इराण युद्धाच्या दिवसांत इराण, इराकवरचा रस्ता मिटला. म्हणजे आपल्या दोऱ्यावरचे तीन मोठे तुकडे एकाच महिन्यात तुटले होते. मुंबईचे नशीब एवढेच की तिच्यापुढे समुद्र आहे. दिल्लीच्या विमानाला पाकिस्तान टाळायला मोठा वळसा पडतो. मुंबईचे विमान अरबी समुद्रावरून ओमान, सौदी अरेबिया, तुर्कस्तान असे सरकून जाऊ शकते. अंतर वाढते, पण दिल्लीइतके नाही.

हा नुसता खर्चाचा प्रश्न असता तर एवढे लिहिले नसते. मोठे विमान तासाला पाचएक टन इंधन जाळते, अर्ध्या तासाच्या वळशाला अडीच टन, आणि तिकीट तेवढे महागते, हे खरे. पण १७ जुलै २०१४ ला युक्रेनवरून जाणारे मलेशियाचे विमान क्षेपणास्त्राने पाडले गेले आणि २९८ माणसे गेली. ८ जानेवारी २०२० ला तेहरानहून उडालेले युक्रेनचे विमान पाडले गेले, १७६ माणसे गेली. त्यांच्यापैकी कोणाचेही त्या भांडणाशी देणेघेणे नव्हते. तेव्हा विमान वळसा घेऊन जात असेल आणि तासभर उशीर होत असेल तर प्रवाशाने कुरकुर करू नये. जवळची वाट सोडून देण्यात शहाणपण असते, ते अशा वेळी.

पूर्वी हा प्रवास कसा होता ते आठवले की नऊ-दहा तासांची किंमत कळते. आनंदीबाई जोशी ७ एप्रिल १८८३ ला कोलकात्याहून ‘सिटी ऑफ कलकत्ता’ या जहाजावर चढल्या आणि ४ जूनला न्यूयॉर्कला उतरल्या. तोवर सुएझ कालवा होऊन चौदा वर्षे झाली होती. त्याआधी आफ्रिकेला वळसा घालून जावे लागे आणि शिडाच्या जहाजाला महिनोन्‌महिने लागत. अठरा वर्षांची एक मुलगी दोन महिने पाण्यावर, घरचे कोणी माणूस सोबत नाही, आणि घरी पत्र पोचायलाही आठवडे. आज त्याच न्यूयॉर्कला मुंबईहून थेट विमानाने पंधरा-सोळा तास लागतात.

विमानांनी सुरुवात केली तीही मुक्काम करत. ३० मार्च १९२९ ला इंपीरियल एअरवेजने लंडन-कराची सेवा सुरू केली. त्या प्रवासाला सात दिवस लागत आणि युरोपातला एक टप्पा चक्क रेल्वेने करावा लागे. १५ ऑक्टोबर १९३२ ला जे. आर. डी. टाटांनी कराचीहून टपाल घेऊन आपले छोटे पस मॉथ विमान अहमदाबादमार्गे जुहूला उतरवले, ते त्या लंडनच्या टपालाला मुंबईशी जोडण्यासाठी. त्याच १९३२ साली लंडनमध्ये महाराष्ट्र मंडळ सुरू झाले. ज्यांनी ते सुरू केले त्या मंडळींसाठी गावचे पत्र आठवड्यात येऊ शकेल ही बातमी केवढी मोठी असेल!

८ जून १९४८ ला एअर इंडिया इंटरनॅशनलचे ‘मलबार प्रिन्सेस’ ३५ प्रवासी घेऊन मुंबईहून लंडनला निघाले. वाटेत कैरो आणि जिनिव्हा. चार पंख्यांचे कॉन्स्टेलेशन विमान, सुमारे एका दिवसाचा प्रवास. मग १९६० मध्ये जेट आले. बोइंग ७०७ ने त्या वर्षी मे महिन्यात लंडनमार्गे न्यूयॉर्क गाठले. इथपर्यंत प्रत्येक पिढीने वेळ निम्म्याहून कमी केला. आणि मग गाडी थांबली. बोइंग ७०७ ताशी ९०० किलोमीटरच्या घरात चालत असे, आजचे बोइंग ७८७ ही तसेच चालते. साठ-पासष्ट वर्षांत विमाने मोठी झाली, सुरक्षित झाली, कमी इंधनात जाऊ लागली, वाटेतले थांबे गेले, पण वेग जिथल्या तिथे राहिला. ध्वनीच्या दुप्पट वेगाचे काँकॉर्ड १९७६ ते २००३ चालले आणि परवडेना म्हणून बंद झाले. ध्वनीच्या वेगाजवळ हवेचा विरोध एकदम वाढतो आणि इंधनाचा खर्च हाताबाहेर जातो. आकाशातले तास नजीकच्या काळात कमी व्हायची चिन्हे नाहीत.

मग कमी काय होऊ शकते? इथे ते सहा मिलिमीटर आठवा. अकलूज ते मुंबई विमानतळ सरळ रेषेत २६५ किलोमीटरच्या आत, रस्त्याने सव्वातीनशेच्या घरात. अकलूजला रेल्वे नाही. एसटीने किंवा गाडी करून इंदापूरमार्गे पुणे-सोलापूर महामार्गाला लागायचे, भिगवण, मग हडपसरची कोंडी, पुण्यातून बाहेर पडून द्रुतगती मार्ग, घाट, आणि शेवटी मुंबईची गर्दी. सात तास धरावेच लागतात. गळीत हंगाम असेल तर उसाच्या जोड-ट्रॉल्या ओढणाऱ्या ट्रॅक्टरांमागे रात्रीच्या अंधारात रांगत जावे लागते. आषाढात पालखी इंदापूर-सराटी-अकलूज वाटेवर असेल तर टेंभुर्णीकडून वळसा. पुढे विमानतळावर तीन तास आधी हजर. म्हणजे विमानाची चाके हलण्याआधीच दहा तास गेलेले असतात. लंडनला उतरून पारपत्र तपासणी, सामान आणि भुयारी रेल्वे यांत आणखी दोन-अडीच तास. अकलूजच्या उंबऱ्यापासून लंडनच्या उंबऱ्यापर्यंत सुमारे बावीस तास. त्यांपैकी ७,२०० किलोमीटरना साडेनऊ-दहा, आणि सव्वातीनशे किलोमीटरना सात.

हे सात तास गाळता येतील का, याचे उत्तर पूर्वेकडे शोधून पाहू. सोलापूरचा विमानतळ शंभर-सव्वाशे किलोमीटरवर आहे. त्याच्या उड्डाणवाटेत सिद्धेश्वर साखर कारखान्याची सुमारे ९० मीटरची चिमणी येत होती. ती १५ जून २०२३ ला पाडली गेली, तेव्हा सभासद शेतकऱ्यांचा तिला तीव्र विरोध होता, आणि ज्यांच्या घामाने कारखाना उभा राहिला त्यांचे दुःख खोटे नव्हते. सोलापुरातून जून २०२५ मध्ये गोव्याला आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये मुंबईला विमान सुरू झाले. अकलूजकराने आधी उलट्या दिशेला सोलापूर गाठायचे आणि तासाभरात मुंबईत उतरायचे, ही वाट लांबची असून वेगाची आहे, एअर इंडियाच्या पॅसिफिक वाटेसारखीच. पण सोलापूरची हजेरी, मुंबईत देशांतर्गत इमारतीतून आंतरराष्ट्रीय इमारतीत जाणे आणि मधली वाट पाहणे धरले, तर बचत फार उरत नाही. अंगाची दमणूक वाचते, हे मात्र खरे. पुण्याचा लोहगाव विमानतळ मुंबईपेक्षा जवळ आहे, पण तो हवाई दलाचा आहे आणि त्याची धावपट्टी अडीच किलोमीटरच्या आसपास. इंधनाने भरलेले लांब पल्ल्याचे मोठे विमान तिथून लंडनला उडत नाही.

खरी बचत रस्त्यावरच होणार आहे, आणि ती होऊ लागली आहे. संत तुकाराम महाराज पालखी मार्ग, म्हणजे पाटसहून बारामती, इंदापूर, अकलूजवरून बोंडल्याकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग ९६५ जी, याच्या चौपदरीकरणाचे भूमिपूजन ८ नोव्हेंबर २०२१ ला झाले. वारकऱ्यांना चालायला बाजूने वेगळी वाट ठेवायची, हे त्या आराखड्यातच होते. रस्ता वारीसाठी आखला, त्याचा फायदा लंडनला निघालेल्यालाही मिळतो. दुसऱ्या टोकाला नवी मुंबईचा विमानतळ २५ डिसेंबर २०२५ ला देशांतर्गत उड्डाणांनी सुरू झाला. द्रुतगती मार्गावरून उतरणाऱ्या अकलूजच्या गाडीला तो खाडीच्या अलीकडेच लागतो, मुंबईच्या गर्दीत शिरावे लागत नाही. लंडनची विमाने तिथून नियमित सुटू लागली की माझ्या अंदाजाने या प्रवासातला तास-दीड तास वाचेल. ७०७ पासून आजवर विमानाच्या वेगाने अकलूजच्या माणसाचा एवढा वेळ कधी वाचवलेला नाही.